लॅपटॉपचा डायल-अप मोडेम इंटरकॉमवर चालवायचा आहे, एटी कमांडा कोणाला आठवतात?

पाचपाखाडीकर
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. दर मे महिन्यात आमच्या सोसायटीतल्या पाचवी ते आठवीच्या मुलांना क्लब हाउसमध्ये एखादा प्रयोग करून दाखवतो. गेल्या वर्षी पिनहोल कॅमेरा केला होता. यंदा दोन संगणक टेलिफोनच्या साध्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलताना दाखवायचे आहेत. वायफाय नाही, सिमकार्ड नाही, फक्त तार.

तार आहेच. सोसायटीत ईपीएबीएक्सचा (म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजचा) इंटरकॉम आहे. माझ्या घरी ३०४ आणि क्लब हाउसला ११०. दोन्ही लॅपटॉपवर विंडोज एक्सपी आहे. पहिला भाच्याने २००३ साली अमेरिकेहून आणलेला, मोडेम (संगणकाची माहिती आवाजात बदलून फोनच्या तारेवरून पाठवणारं यंत्र) आतच बसवलेला. दुसरा इथेच घेतलेला, त्याच्या खाचेत पीसीएमसीआयए मोडेम कार्ड बसतं. खिडक्या-बटणांच्या भानगडीत न पडता हायपरटर्मिनल हा एक्सपीतला प्रोग्राम उघडून थेट एटी कमांडा, म्हणजे मोडेमला टंकून द्यायचे हुकूम, द्यायच्या ठरवल्या, कारण मुलांनाही तेच दिसावं अशी इच्छा आहे.

आता अडचण. पहिल्यावर एटी टाकलं की ओके येतं. एटीडीटी ११०, म्हणजे ११० फिरव, असं टाकलं की थोडा वेळ शांतता आणि मग नो डायलटोन. त्याच तारेला साधा फोन लावला तर टोन स्वच्छ ऐकू येतो! दुसऱ्या लॅपटॉपची तऱ्हा वेगळी. त्यावर एटी टाकलं की फक्त ० येतो आणि डायल केलं की ६.

शनिवारी मुलं येणार आहेत. कोणी मार्ग सुचवेल का? (कमांडा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टंकताना अर्थातच रोमन अक्षरं टंकतो.)

ऐरोलीचा_पक्या
रविवार, रात्री ९:५८

सर, दुसरा लॅपटॉप बिघडलेला नाही. तो शब्दांऐवजी आकड्यांत उत्तर देतोय. ० म्हणजे ओके, २ म्हणजे रिंग, ३ म्हणजे नो कॅरिअर (पलीकडच्या मोडेमशी जोडणी नाही), ४ म्हणजे एरर, ६ म्हणजे नो डायलटोन, ७ म्हणजे बिझी. एटीव्ही१ टाका, शब्दांत बोलायला लागेल. आणि टंकलेलं पडद्यावर दिसत नसेल तर एटीई१.

म्हणजे दोघांचंही एकच रडगाणं आहे, डायल टोन मिळत नाही. फक्त एक शब्दांत सांगतोय, दुसरा आकड्यांत.

नेरूळची_अनघा
रविवार, रात्री १०:२५

सर, फोनवर टोन ऐकू येतोय आणि मोडेमला येत नाही, यात विरोधाभास नाही. आपला कान कुठलाही टोन चालवून घेतो. मोडेम मात्र ठराविक टोनची वाट बघतो. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ असे दोन सूर एकत्र करून होतो. भारतातला ४०० हर्ट्झचा आणि त्यावर २५ हर्ट्झची थरथर. ईपीएबीएक्स तर त्याला वाटेल तो टोन देतो. त्यामुळे तुमच्या भाच्याच्या लॅपटॉपला तो आवाज 'डायल टोन' वाटतच नसणार.

दोन गोष्टी करा. आधी मोडेम कुठल्या देशासाठी लावलाय ते विचारा: एटी+जीसीआय? उत्तर बी५ आलं तर अमेरिका. भारताचा आकडा ५३ आहे (हे आकडे षोडशमान पद्धतीतले), म्हणजे एटी+जीसीआय=५३. सगळे मोडेम ही कमांड मानत नाहीत. एरर आला तर सोडून द्या.

दुसरी गोष्ट जास्त भरवशाची: एक्स३. मूळ सेटिंग बहुधा एक्स४ असतं. त्यात मोडेम टोनची वाट बघतो. एक्स३ दिलं की टोन ऐकू येवो न येवो, सरळ नंबर फिरवतो, फक्त एंगेज टोन तेवढा ओळखतो. म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा एटी&एफ, म्हणजे कारखान्यातून आला तसा कोरा. मग एटीई१व्ही१एक्स३, या तिन्ही एका ओळीत चालतात. मग एटी&डब्ल्यू, म्हणजे हे लक्षात ठेव. त्यानंतर नुसतं एटीझेड टाकलं की साठवलेलं सगळं परत येतं. काय साठवलंय ते बघायला एटी&व्ही.

वाशी_सेक्टर_नऊ
रविवार, रात्री १०:४१

एटीझेड वाचलं आणि एकदम १९९८ साल उभं राहिलं. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण आमच्या घरी यायला तीन वर्षं लागली, आणि तेही शेल अकाउंट. चित्रं नाहीत, माउस नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. मेलसाठी पाइन, वेबसाठी लिंक्स. मी तेव्हा अकरावीत होते. माझा मोठा भाऊ लॅमिंग्टन रोडवरून मोडेम घेऊन आला आणि आई म्हणाली, फोनला अजून एक डबा कशाला?

रात्री अकरानंतरच लावायची परवानगी असे, कारण तोवर कोणाचा तरी फोन येईल ही आईला काळजी. मोडेमची ती शीळ घरभर ऐकू जायची. मग भावाने एटीएम० शोधून काढलं. स्पीकर बंद! त्या दिवसापासून आईला वाटायचं आम्ही झोपलो.

घोडबंदर_रोड
रविवार, रात्री ११:०५

सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो. मुलांना याचा एक चांगला व्हिडिओ दाखवला तर नाही का चालणार? वीस वर्षांपूर्वीची यंत्रं, कधी चालतील कधी नाही. समोर पंधरा मुलं बसलेली असताना नो कॅरिअर आलं तर त्यांचा विरस होईल. त्यांच्या हातात फोर-जी आहे. एकेक अक्षर सरकताना बघून त्यांना काय मिळणार, हे मला खरंच कळत नाही.

पाचपाखाडीकर
रविवार, रात्री ११:२०

प्रश्न योग्य आहे. माझा अनुभव सांगतो. पिनहोल कॅमेऱ्याचे व्हिडिओ मुलांनी आधी पाहिलेले होते, तरी खोक्यात उलटा दिसणारा समोरचा गुलमोहर बघून एक मुलगी दहा मिनिटं हलली नव्हती. व्हिडिओत यंत्र दुसऱ्याचं ऐकतं. इथे ती जे टंकतील ते दुसऱ्या मजल्यावर उमटेल. आणि विरस झाला तर झाला, प्रयोग फसतात हेही त्यांना दिसू दे.

अनघाताई, पक्या, आभार. उद्या सकाळी करून बघतो.

तांब्याची_तार
सोमवार, सकाळी ७:१५

सर, थांबा. तार जोडण्याआधी हे वाचा.

मी टेलिफोन लाइनवर आयुष्य घालवलंय, पहिली बरीच वर्षं ठाण्यात आणि नंतर कोपरखैरणे-वाशी पट्ट्यात. साध्या फोनच्या तारेवर फोन ठेवलेला असताना ४८ व्होल्ट डीसी असतो, उचलला की तो दहाच्या खाली येतो, आणि घंटी वाजताना ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, २५ हर्ट्झचा. मोडेम यासाठीच बनलेला असतो. पण काही ईपीएबीएक्सना डिजिटल एक्स्टेंशन असतात, त्या पडदा आणि बटणंवाल्या खास फोनसाठी. खाच तशीच, आरजे-११ ची, पण आत वीज वेगळी. तिथे लॅपटॉप लावला तर मोडेम जळू शकतो. हॉटेलांत आणि ऑफिसांत असे कितीतरी लॅपटॉप गेलेत.

ओळखायची साधी खूण: बाजारातला साधा फोन त्याच तारेला लावून टोन येतोय, नंबर फिरतोय आणि घंटीही वाजतेय का? तुम्ही टोन तपासलात, घंटी तपासलीत का? तीही वाजत असेल तर बिनधास्त लावा.

दुसरं, घंटी वाजत असताना तारेच्या उघड्या टोकांना हात लावू नका. चांगला झटका बसतो.

पाचपाखाडीकर
सोमवार, सकाळी ८:०२

फार मोलाची सूचना. दोन्ही ठिकाणी साधा फोन लावून बघितला. टोन, नंबर, घंटी तिन्ही ठीक. आता पुढे जातो.

वागळे_इस्टेट
सोमवार, सकाळी ९:३०

घोडबंदर_रोड यांना थोडं सांगावंसं वाटतं. या कमांडा जुन्या झाल्या असं नाही. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी १९८१ साली हेज स्मार्टमोडेम काढला, ३०० बिट प्रतिसेकंदवाला. त्यात पहिल्यांदा एटी आलं. एटी म्हणजे अटेन्शन, 'इकडे लक्ष दे'. आज मी वागळे इस्टेटमध्ये ज्या पंप पॅनेलची देखभाल करतो त्यात सिमकार्डवाला जीएसएम मोडेम आहे आणि तो सुद्धा एटीनेच बोलतो. टाकी रिकामी झाली की पॅनेल एटी+सीएमजीएफ=१ देतं, मग एटी+सीएमजीएस आणि माझा नंबर, आणि मला एसएमएस येतो. सिग्नल किती आहे ते एटी+सीएसक्यूने कळतं: ० ते ३१ मध्ये आकडा येतो, ९९ आला तर माहीत नाही. फोर-जीच्या डाँगलमध्येही आत हेच आहे.

सरांच्या वर्गातली एखादी मुलगी दहा वर्षांनी असं पॅनेल उघडेल तेव्हा तिला ही भाषा आधी भेटलेली असेल.

घोडबंदर_रोड
सोमवार, सकाळी ९:४४

हे मला माहीत नव्हतं. मत बदलतो. सर, जरूर करा.

ऐरोलीचा_पक्या
सोमवार, सकाळी १०:१०

सर, पलीकडचा लॅपटॉप फोन उचलणार कसा? दोन पर्याय. पडद्यावर रिंग रिंग यायला लागलं की एटीए टाका, तो उचलतो. किंवा आधीच एटीएस०=१ करून ठेवा, पहिल्या घंटीला आपोआप उचलेल. पण प्रयोग झाला की एस०=० करायला विसरू नका!

नेरूळची_अनघा
सोमवार, सकाळी १०:३२

पक्याचं बरोबर आहे, पण मुलांसमोर एटीएच चांगलं. रिंग दिसतेय, एका मुलाने एटीए टंकून फोन 'उचलला', हे त्यांना समजतं.

आणखी एक. लॅपटॉपच्या आतला मोडेम बहुधा विनमोडेम असेल. म्हणजे खरं काम लॅपटॉपचा प्रोसेसर करतो, मोडेम चिप फक्त आवाज आत-बाहेर करते. तुमच्या एटी कमांडा सुद्धा ड्रायव्हरच वाचतो. त्यामुळे त्या वेळी बाकीचे प्रोग्राम बंद ठेवा. मी २००४ मध्ये लिनक्सवर असाच एक मोडेम चालवायला तीन रविवार घालवले होते. ड्रायव्हर कर्नलप्रमाणे परत परत बांधायचा, मग मिनिकॉम, मग डब्ल्यूव्हीडायल. शेवटी ओके आलं तेव्हा नेरूळच्या त्या खोलीत मी एकटीच ओरडले होते.

सानपाड्याचा_संजू
सोमवार, दुपारी १:२०

मोडेम की मॉडेम? मॉड्युलेटर-डीमॉड्युलेटर, म्हणजे मॉडेम हवं ना?

वाशी_सेक्टर_नऊ
सोमवार, दुपारी १:३५

आमच्याकडे मोडेमच म्हणत. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारापासून आईपर्यंत सगळे.

पाचपाखाडीकर
सोमवार, संध्याकाळी ६:५०

आजचा अहवाल.

एटी+जीसीआय? विचारलं, उत्तर बी५. लॅपटॉप वीस वर्षं ठाण्यात राहून मनाने अमेरिकेतच होता! ५३ केलं, ओके आलं. तरी इंटरकॉमवर नो डायलटोनच. मग एक्स३, आणि खटाखट ११० चे सूर वाजले. क्लब हाउसमध्ये शेजारच्या आठवीतल्या मुलाला बसवलं होतं. त्याच्या पडद्यावर रिंग उमटलं. मोबाइलवरून तो एवढ्या जोरात ओरडला की मोबाइलची गरज नव्हती.

त्याने एटीए टाकलं. शीळ सुरू झाली, खरखर झाली, आणि दोन्हीकडे नो कॅरिअर. तीनदा तसंच. ही शीळ ओळखीची वाटते पण पुढे जात नाही. आता काय करू?

तांब्याची_तार
सोमवार, संध्याकाळी ७:१०

तुमच्या घरी त्याच लाइनवर दुसरा फोन पॅरलल आहे का? कोणी उचलत तर नाही ना?

पाचपाखाडीकर
सोमवार, संध्याकाळी ७:४५

आहे! स्वयंपाकघरात. आईला विचारलं. ती अठ्ठ्याऐंशीची आहे. म्हणाली, "फोनातून टकटक झाली, बघितलं कोणाचा आहे, तर नुसती शिट्टी." तिन्ही वेळा तिने उचलला होता. मी नंबर फिरवत होतो तेव्हा त्या फोनची घंटी किणकिणत होती आणि तिने आपलं काम केलं.

तांब्याची_तार
सोमवार, रात्री ८:०५

मग मोडेमचा दोष नाही. दोन मोडेम एकमेकांची नाडी बघत असताना मध्ये तिसऱ्याने 'हॅलो' म्हटलं की सगळं विस्कटतं. रिसीव्हर उचलला की लाइनवरची पातळीही पडते. स्वयंपाकघरातला फोन तेवढ्यापुरता काढून ठेवा.

लाइनचं बाकी काही नसावं, इंटरकॉमची तार आखूड असते. खरा त्रास बाहेरच्या लाइनला. ठाण्यात पहिला पाऊस पडला की जॉइंटमध्ये पाणी शिरायचं, खरखर वाढायची, आणि ज्याला काल ३३६०० बिट प्रतिसेकंद मिळत होते त्याला ९६०० वर समाधान मानावं लागायचं. लोक मोडेम बदलायचे. मी जोड उघडून पुसून, सुकवून, नवा बांधला की तोच मोडेम धावायचा. आणि जूनच्या तोंडावर विजा व्हायला लागल्या की मी प्रत्येक घरी सांगायचो, वापरत नसाल तेव्हा मोडेमची तार भिंतीतून काढून ठेवा. विजेने गेलेले मोडेम मी खूप पाहिलेत.

कोपरीची_मीनल
सोमवार, रात्री ८:४०

पॅरलल फोन हा आमच्या घरातल्या भांडणांचा मुख्य विषय होता. पण आम्हाला अजून एक विचित्र त्रास होता. चॅटवर कोणीतरी विशिष्ट ओळ पाठवायचं आणि माझा भाऊ तडक ऑफलाइन. तो म्हणायचा की समोरचा त्याचा फोन कापतो. आम्ही कोणी विश्वास ठेवला नाही. असं होऊ शकतं का?

नेरूळची_अनघा
सोमवार, रात्री ९:१५

मीनल, तुझा भाऊ खरं सांगत होता.

जोडणी चालू असताना मोडेमला परत कमांड द्यायची तर तीन अधिकचिन्हं टंकायची, +++. मग तो माहिती पाठवणं थांबवून तुमचं ऐकतो. एटीएच दिलं की फोन ठेवतो, एटीओ दिलं की परत बोलणं चालू. आता ही तीन चिन्हं मजकुरातच आली तर? म्हणून हेजच्या मोडेममध्ये अट होती, आधी एक सेकंद शांतता आणि नंतर एक सेकंद शांतता असेल तरच ती खूण मानायची. हेदरिंग्टन यांच्या नावे त्याचं पेटंट होतं. ते टाळायला काही स्वस्त मोडेम बनवणाऱ्यांनी शांततेची अट गाळली. मग कोणी तुमच्या संगणकाला +++एटीएच० असलेला संदेश असा पाठवला की तुमच्या संगणकाने तोच मजकूर उत्तरात परत पाठवावा, तर तुमचा मोडेम तुमच्याच बाजूने जाणारी ती अक्षरं वाचून फोन ठेवून द्यायचा.

उपाय एका ओळीचा होता: एटीएस२=२५५. त्याने ती खूण बंदच होते.

कोपरीची_मीनल
सोमवार, रात्री ९:२२

आत्ता त्याला फोन केला. पंचवीस वर्षांनी न्याय मिळाला म्हणतोय.

पाचपाखाडीकर
मंगळवार, दुपारी १२:३०

कनेक्ट ३१२००!

आईला सांगून स्वयंपाकघरातला फोन काढला. पहिल्या प्रयत्नात जोडलं गेलं. पण एक गोष्ट मनासारखी नाही. ती शीळ संपली की आवाज बंद होतो आणि नंतर मुलं जे टंकतात ते क्षणात पलीकडे दिसतं. अगदी मोबाइलसारखं. तारेवरून आवाज जातोय हे जाणवतच नाही. घोडबंदर_रोड यांची शंका मला आता वेगळ्या अर्थाने पटते. मुलांना यात नवीन काय दिसणार?

सप्तक
मंगळवार, दुपारी ३:०५

सर, मी ठाण्यात संवादिनी शिकवतो, मोडेमचा जाणकार नाही, पण या धाग्यातलं एक वाक्य वाचून राहवलं नाही. अमेरिकेचा डायल टोन ३५० आणि ४४० म्हणजे जवळजवळ ४ ला ५. सा आणि शुद्ध गंधार! आपला एका सुरावर थरथर. लहानपणापासून ऐकलेला आवाज, आज कळलं तो काय आहे.

तुम्हाला आवाज ऐकवायचा आहे ना? मग वेग कमी करता येत नाही का, इतका की सूर वेगवेगळे कळतील?

वागळे_इस्टेट
मंगळवार, दुपारी ४:२०

सप्तक यांनी नेमकं सांगितलं. सर, ३०० वर चालवा!

३१२०० ला मोडेम एवढे बारकावे एकत्र मिसळतो की कानाला नुसता फेसाळ आवाज येतो. पण ३०० बिटच्या व्ही२१ पद्धतीत सगळं उघडं आहे. फोन करणारा मोडेम १ साठी ९८० हर्ट्झ आणि ० साठी ११८० वाजवतो. उचलणारा १ साठी १६५० आणि ० साठी १८५०. बस, चार सूर. कोणी काही टंकत नसेल तेव्हा दोघेही १ चाच सूर धरून बसतात. अक्षर टंकलं की तो सूर थरथरतो. एका अक्षराला सुरुवातीची आणि शेवटची खूण धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३० अक्षरं. मोठा परिच्छेद पाठवला तर डोळ्यांना सरकताना दिसेल.

दोन्ही लॅपटॉपवर आधी एटी+एमएस=? विचारा, यादीत व्ही२१ आहे का बघा. असेल तर एटी+एमएस=व्ही२१,० द्या. शेवटच्या शून्याने तो आपल्या मनाने वेग बदलत नाही. एटी\एन० ने चूकदुरुस्तीची बोलणी बंद करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एटीएम२एल३. एम१ मध्ये जोडणी झाली की स्पीकर बंद होतो, एम२ मध्ये शेवटपर्यंत चालू राहतो. एल३ म्हणजे मोठा आवाज.

हायपरटर्मिनलच्या सेटिंगमध्ये टंकलेली अक्षरं स्वतःच्या पडद्यावर दाखवायची खूण करा, नाहीतर जोडणीनंतर मुलांना आपण काय लिहिलं तेच दिसणार नाही.

सप्तक
मंगळवार, दुपारी ४:५१

९८० आणि ११८० म्हणजे ५ ला ६, सा आणि कोमल गंधार. १६५० आणि १८५० म्हणजे साधारण ८ ला ९, सा आणि शुद्ध रिषभ. सर, शनिवारी मी पेटी घेऊन येऊ का? मुलांना आधी पेटीवर ऐकवतो, मग तारेवर.

पाचपाखाडीकर
मंगळवार, संध्याकाळी ५:३०

याहून चांगलं काय असेल! सकाळी दहाला या. पत्ता निरोपातून कळवतो.

ऐरोलीचा_पक्या
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

सर, एकदा एटीडीपी ११० पण करून दाखवा. टी म्हणजे टोन, पी म्हणजे पल्स, जुन्या तबकडीच्या फोनसारखं. १ ला एक टक, ० ला दहा टक. मुलं मोजतील. ईपीएबीएक्सने पल्स घेतला पाहिजे मात्र.

वाशी_सेक्टर_नऊ
शनिवार, रात्री ९:००

सर, काय झालं? सकाळपासून धागा उघडून बघतेय.

पाचपाखाडीकर
शनिवार, रात्री १०:१५

सतरा मुलं आली. चार पालक, सप्तक, त्यांची पेटी, आणि आई खुर्ची घेऊन पुढे.

आधी एटी कशाला म्हणतात ते सांगितलं. एका मुलीने फळ्यावर लिहिलं, 'ए टी = अगं, ऐक तरी'. तेच दिवसभर राहिलं. मग पल्स. आमच्या ईपीएबीएक्सने घेतला. टक, टक, आणि मग दहा टक. मुलांनी मोठ्याने मोजले. मग सप्तक यांनी पेटीवर सा आणि कोमल ग वाजवून दाखवले, आणि मी ३०० वर जोडणी केली. वर माझ्या घरी चार मुलं, खाली बाकीची. जोडणी झाल्यावर ते दोन सूर खोलीत स्थिर उभे राहिले. सगळी गप्प. वरून कोणीतरी एक अक्षर टंकलं आणि सूर हलला. एक छोटा मुलगा म्हणाला, "तो 'ए' होता." खरंच ए होता. त्याने अंदाजाने सांगितलं असेल, पण नंतर अर्धा तास सगळ्यांचा तोच खेळ चालला, आवाज ऐकून अक्षर ओळखायचं. एका अक्षरात फरक कानाला कळत नाही, हे मला माहीत होतं. तरी जागा सोडायची आणि अक्षर टंकायचं यांच्या लयीवरून दोन मुली शब्द संपला की ओळखू लागल्या.

एकदा नो कॅरिअर आलं. वरच्या मुलाचा पाय वायरीत अडकला होता. मुलांनीच शोधून काढलं.

शेवटी आईला वर पाठवलं. तिने एका बोटाने तिचं नाव टंकलं. खाली ते एकेक अक्षर उमटत असताना आवाज चालूच होता. ती खाली आल्यावर म्हणाली, "त्या दिवशीची शिट्टी हीच."

सप्तक
शनिवार, रात्री १०:३०

पेटी आणि मोडेम एका सुरात लावायला जमलं नाही, ९८० हर्ट्झ माझ्या पेटीच्या काळ्या पाचच्या आणि पांढऱ्या सातच्या मधे कुठेतरी राहतो. पुढच्या वेळी तानपुरा आणतो, तो कुठेही लावता येतो.

घोडबंदर_रोड
शनिवार, रात्री १०:४८

पुढच्या वेळी मी माझ्या दोन्ही मुलांना घेऊन येतो. चालेल ना, सर?

पाचपाखाडीकर
शनिवार, रात्री १०:५५

अवश्य. माझ्याकडे कमांडांचा एक पुठ्ठा करून ठेवला आहे, तोच परत वापरू: एटी&एफ, एटीई१व्ही१एक्स३, एटी+एमएस=व्ही२१,०, एटी\एन०, एटीएम२एल३, आणि मग एटीडीटी.

ऐरोलीचा_पक्या
शनिवार, रात्री ११:०२

सर, क्लब हाउसच्या लॅपटॉपवर एस० परत शून्य केलंत ना?

पाचपाखाडीकर
शनिवार, रात्री ११:२०

गर्दीत एका मुलाने ते १ केलं होतं आणि लॅपटॉप संध्याकाळपर्यंत जोडलेलाच राहिला. गेटवरून वॉचमनने क्लब हाउसला फोन केला तर त्यांच्या कानात २१०० हर्ट्झची शीळ. तुझा निरोप वाचून आत्ता खाली जाऊन ० केलं, तारही काढली. मग वॉचमनना फोन लावायला सांगितला. मी हाताने उचलला.